'मानसिकता बदला' म्हणजे नेमकं काय बदलायचं?

ऑगस्ट २०२४मध्ये आधी कोलकात्याच्या रुग्णालयात डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाल्याची बातमी कानावर आली, पाठोपाठ बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची. बदलापूरला लोकांनी तासन्‌तास रेल्वे रोखून धरली, 'फाशी द्या'च्या घोषणा झाल्या. मग चॅनेलांवर चर्चा बसल्या आणि उठता उठता कुणीतरी गंभीर चेहऱ्यानं ते वाक्य टाकलंच: "कायदे कितीही करा हो, समाजाची मानसिकता बदलायला हवी." सगळ्यांनी माना डोलावल्या. हेच वाक्य २०१२ साली दिल्लीच्या घटनेनंतरही ऐकलं होतं.

मला या वाक्याचा राग येतो, कारण बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'आता कुणी काही करू शकत नाही' एवढाच असतो. खरं तर मानसिकता कशी बदलते, काय केल्यानं मारहाण कमी होते आणि काय केल्यानं पेपरात नुसता फोटो छापून येतो, यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर काम झालंय, मोजमाप झालंय. त्यातलं काही तर आपल्या मुंबईत झालंय. ते सगळं इथे सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो. बातम्यांत येणाऱ्या घटना बहुधा घराबाहेरच्या असतात. मी मात्र मुख्यतः घरातल्या मारहाणीबद्दल बोलणार आहे, कारण बाईला सगळ्यात जास्त मार बसतो तो घरातच.

आधी आकडे पाहू

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यानुसार १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे.

त्याच पाहणीत आणखी एक प्रश्न होता, आणि माझ्या मते तोच जास्त बोलका आहे. सात कारणं वाचून दाखवायची आणि विचारायचं, यातल्या कुठल्या कारणासाठी नवऱ्यानं बायकोला मारलं तर ते योग्य? न सांगता बाहेर गेली, घराकडे-मुलांकडे दुर्लक्ष केलं, उलटून बोलली, स्वयंपाक नीट केला नाही, शरीरसंबंधाला नाही म्हणाली, तिच्यावर संशय आला, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही. यातलं निदान एक कारण ४४ टक्के पुरुषांना पटलं. आणि ४५ टक्के बायकांनाही पटलं. सगळ्यात जास्त पसंती कशाला? सासू-सासऱ्यांचा मान न ठेवण्याला.

हा आकडा दिसला की लगेच कुणीतरी म्हणतं, 'बघा, बाईच बाईची शत्रू.' थोडं थांबू या. बायका आणि पुरुषांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत, याचा अर्थ ही दोन गटांची दोन मतं नाहीत. एकाच गावात, एकाच घरात वाढलेल्या सगळ्यांनी एकच नियम शिकून घेतलाय. 'पोरी, जरा सोस, सगळ्यांच्याच घरी असतं' असं लेकीला सांगणारी आई शत्रू नसते. या नियमाबाहेर गेलेल्या बाईचं काय होतं ते तिनं पाहिलेलं असतं.

डोक्यातलं मत आणि गल्लीतला नियम

पुण्यात दुचाकीवाल्याला विचारा, हेल्मेटनं डोकं वाचतं का? नाही म्हणणारा सापडणार नाही. तरी हेल्मेट आरशाला नाहीतर कोपराला लटकलेलं. का? आजूबाजूला फारसं कुणी घालत नाही, घातलं तर मित्र म्हणतात, 'काय राव, चंद्रावर निघालात का?' पण हाच गडी लष्कराच्या एखाद्या कार्यालयात कामाला निघाला की फाटकाच्या अलीकडे गाडी थांबवून मुकाट्यानं हेल्मेट चढवतो. घरापासून फाटकापर्यंत येताना त्याच्या ज्ञानात काही भर पडलेली नसते. बदलतो तो फक्त तिथला रिवाज, आणि तो मोडला तर काय होईल याचा अंदाज.

अभ्यासक याला 'सोशल नॉर्म' म्हणतात. आपण 'अलिखित नियम' म्हणू. असा नियम तीन गोष्टींवर उभा असतो: बाकीचे काय करतात असं मला वाटतं, त्यांची माझ्याकडून काय अपेक्षा आहे असं मला वाटतं, आणि मी वेगळं वागलो तर मला काय किंमत मोजावी लागेल.

मारहाणीला हे लावून पाहा. सगळ्याच घरांत होतं, हे पहिलं. बायकोला धाकात ठेवावं, एखादी ठेवून दिली म्हणून काय बिघडलं, हे दुसरं. तिसरं जास्त पक्कं. बायकोचं ऐकणाऱ्याला 'बाईलवेडा', 'तिच्या मुठीत गेला' अशी बिरुदं चिकटतात. माहेरी परतलेल्या मुलीच्या बापाला चार लोकांत मान खाली घालावी लागते. मारणाऱ्याला मात्र काहीच किंमत पडत नाही.

कशी पडत नाही, ते सोसायटीत बघा. रात्री अकराला तिसऱ्या मजल्यावरून भांडं आपटल्याचा आवाज येतो, मग तिचं ओरडणं. दुसऱ्या मजल्यावर टीव्हीचा आवाज वाढतो. समोरची खिडकी बंद होते. सकाळी लिफ्टमध्ये त्याच माणसाला सगळे नेहमीसारखं 'काय, निघालात?' विचारतात आणि संध्याकाळी गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक त्याच्याच हातात असतं. कुणीही त्याची बाजू घेतलेली नाही, आणि तरीही त्याला जे समजायचं ते समजलेलं आहे. तिलाही.

म्हणून 'मानसिकता' ही फक्त मारणाऱ्याच्या कवटीत शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. तिचा मोठा भाग दुसऱ्या मजल्यावर असतो.

आणि बहुसंख्यांना हे मान्यच नसतं

वरचा आकडा उलटा करून वाचा. ४४ टक्के पुरुषांना एखादं तरी कारण पटलं, म्हणजे ५६ टक्के पुरुषांना सातातलं एकही पटलं नाही. अर्ध्याहून जास्त! पण पारावर, कट्ट्यावर, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर बसलं की वाटतं, आपण एकटेच. बायकोवरचा विनोद आला की आपणही हसणारं पिवळं तोंड टाकून मोकळे होतो.

इतरांच्या मताचा असा चुकीचा अंदाज मोजताही येतो. सौदी अरेबियात रियाधमध्ये संशोधकांनी तरुण विवाहित पुरुषांना विचारलं, बायकांनी घराबाहेर नोकरी करावी का? बहुतेकांनी खासगीत हो म्हटलं. पण शेजारच्या पुरुषांचं मत काय असेल, हे विचारल्यावर त्यांनी होकाराचा आकडा खूपच कमी धरला. मग त्यातल्या काही जणांना खरा आकडा सांगितला. बाकी काही नाही, ना भाषण, ना पुस्तिका. त्या पुरुषांनी बायकोचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत जास्त प्रमाणात नोंदवलं आणि काही महिन्यांनी त्यांच्या बायकांनी घराबाहेरच्या नोकऱ्यांसाठी जास्त अर्ज केलेले दिसले.

उलटही होतं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये जीवाश्म झालेल्या लाकडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे 'पूर्वीच्या अनेक पर्यटकांनी लाकडं चोरून नेल्यामुळे उद्यानाचं नुकसान झालं' अशी पाटी लावली, तर साध्या 'कृपया नेऊ नका' या पाटीपेक्षा चोरी जास्त झाली. सगळेच नेतात तर आपण एक तुकडा उचलला म्हणून काय, हा हिशेब. 'घरोघरी बाई मार खाते' असली पोस्टरं छापणाऱ्या सरकारी खात्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा. आकडा खरा असतो, हेतू चांगला असतो, पण वाचणाऱ्याला मिळतो तो दिलासा: आपण चारचौघांसारखेच आहोत.

प्रत्यक्षात कुठे काय जमलं

सगळ्यात जास्त चर्चा झालेलं उदाहरण युगांडातलं. राजधानी कंपालाच्या दाट वस्त्यांमध्ये 'सासा!' नावाचा कार्यक्रम झाला आणि २०१२पर्यंत त्याची तपासणी झाली. आठ वस्त्या निवडल्या, चिठ्ठ्या टाकाव्या तशा चारांत काम केलं, चार तुलनेसाठी ठेवल्या. वस्तीतलेच साधे बाप्ये-बाया कार्यकर्ते म्हणून तयार केले. सोबत पोलीस, आरोग्यसेवक, स्थानिक पुढारी घेतले. गंमत म्हणजे सुरुवात 'बायकोला मारू नका' इथून केलीच नाही. सुरुवात सत्तेपासून केली. तुमच्यावर कोण दादागिरी करतं? तेव्हा कसं वाटतं? आणि तुम्ही कुणावर करता? या प्रश्नांवर पुरुषही बोलायला लागतात, कारण साहेबाचा, मुकादमाचा, घरमालकाचा जाच सगळ्यांनाच ठाऊक असतो.

शेवटी मोजलं तेव्हा काम झालेल्या वस्त्यांमध्ये, आदल्या वर्षभरात जोडीदाराकडून मार खाल्लेल्या स्त्रियांचं प्रमाण तुलनेच्या वस्त्यांपेक्षा ५२ टक्क्यांनी कमी निघालं. वस्त्या आठच असल्यामुळे या आकड्यात संख्याशास्त्राच्या हिशेबानं बरीच अनिश्चितता आहे, हे सांगितलंच पाहिजे. बायकांच्या मतातला बदल मात्र ठळक होता: मारहाण चालवून घेणाऱ्या बायका स्पष्टपणे कमी झाल्या. ज्यांचा कार्यक्रमाशी थेट संबंध फारसा आला नाही अशा घरांतही परिणाम पोचलेला दिसला. गल्लीतला नियम हलला की तो पत्ता विचारत बसत नाही.

आपल्याकडचं मोठं काम हरियाणातलं. 'ब्रेकथ्रू' या संस्थेनं सोनीपत, पानिपत, रोहतक आणि झज्जर या जिल्ह्यांतल्या सरकारी शाळांत सातवी-आठवीपासून वर्ग घेतले. साधारण तीन आठवड्यांतून एकदा पाऊण तास, असं अडीच वर्षं. तपासणी ३१४ शाळांची. मुला-मुलींची मतं सरकली आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही टिकली. मुलगे घरकामात जास्त हात लावू लागल्याचं त्यांनीच सांगितलं. मुलींच्या वागण्यात मात्र तेवढा फरक पडला नाही, आणि कारण उघड आहे: मुलाला ताट उचलायला कुणाची परवानगी लागत नाही, मुलीला पुढचं शिकायला, एकटीनं बाहेर जायला लागते. नुसत्या मुलीला 'सक्षम' करून सोडून दिलं की ती उंबऱ्यात अडकते, ती अशी.

मुंबईतलं मला आवडलेलं काम मैदानावरचं आहे. 'परिवर्तन' या उपक्रमात शालेय क्रिकेट संघांच्या प्रशिक्षकांना आणि गोवंडीच्या शिवाजीनगरमधल्या तरुणांना तयार केलं गेलं. विचार साधा: चौदा वर्षांचा मुलगा बापाचं ऐकेलच असं नाही, पण सरांचं ऐकतो. झेल सुटला की 'बांगड्या भरल्यात का?' हे मैदानावर किती सहज निघतं ते खेळलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तेच सर ते वाक्य बंद करतात, एखाद्या मुलीची टिंगल चालली असेल तर खेळ थांबवून विचारतात, आणि हे हंगामभर करतात. तपासणीत मुलांची मतं सुधारलेली दिसली. दुसरा कुणी मुलीला त्रास देत असताना हसून साथ देणं थोडं कमी झालं. थोडंच. पण बघ्यानं न हसणं ही किरकोळ गोष्ट नाही, टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्याचं ते शाळकरी रूप आहे.

काय चालत नाही

एक दिवसाची कार्यशाळा. २५ नोव्हेंबरला, म्हणजे स्त्रियांवरील हिंसेविरोधातल्या आंतरराष्ट्रीय दिवशी, मेणबत्त्या, शपथ आणि सेल्फी. नुसत्या जाहिराती, ज्यांच्या मागे गल्लीत बोलणारं कुणीच नाही. फक्त बायकांना हक्क सांगून घरी पाठवणं, कारण घरी जाऊन ती ते हक्क कुणापुढे मांडणार? आणि उलट टोक, फक्त पुरुषांची शिबिरं घेणं, ज्यांत शेवटी पुरुषच एकमेकांची पाठ थोपटतात. महिने-वर्षं चालणारं, स्त्री-पुरुष दोघांना घेणारं आणि वस्तीतल्या मान असलेल्या माणसांना ओढणारं काम टिकतं. ते महाग असतं, संथ असतं, आणि निवडणुकीच्या वेळापत्रकात बसत नाही.

'पण खरं कारण दारूच ना?'

दारूचा वाटा मोठा आहे, यात वाद नाही. त्याच राष्ट्रीय पाहणीत नवरा वारंवार पिऊन तर्र होतो अशा ७० टक्के बायकांनी मार किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. पण नवरा अजिबात पीत नाही अशांमध्येही ते प्रमाण २३ टक्के आहे. गावात 'आडवी बाटली' करणाऱ्या, म्हणजे मत देऊन दारूचं दुकान बंद पाडणाऱ्या बायकांचं मोल त्यामुळे कमी होत नाही, पण बाटली आडवी झाली की काम संपलं असं नाही. आणि पिऊन झिंगलेला माणूस साहेबावर हात उगारत नाही, घरी येऊन बायकोवर उगारतो. कुणाला मारलेलं खपतं, एवढा हिशेब त्याला नशेतही जमतो.

'शिक्षा कडक करा, आपोआप बदलतील'

कायदा हवाच. १९८३मध्ये आलेलं, नवरा आणि सासरकडून होणाऱ्या छळाविरुद्धचं कलम ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेतली ८५ आणि ८६ ही कलमं, आणि २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा यांनी असंख्य बायकांना आधार दिलाय. पण कायद्याची गाडी तक्रारीशिवाय हलत नाही. पाहणी सांगते की हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्क्यांनी ना कुठे मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के. त्या ७७ जणींपर्यंत फाशीही पोचत नाही आणि फास्ट ट्रॅक कोर्टही. त्यांचं तोंड ज्या भीतीनं बंद आहे ती भीती शेजाऱ्यांची, नातलगांची, 'लोक काय म्हणतील'ची आहे.

'कायद्याचा गैरवापर होतो, पुरुषांवरही अन्याय होतो' हाही आक्षेप नेहमीचा. खोट्या तक्रारी असतील तर त्या कोर्टात तपासाव्यात, त्यात दुमत नसावं. पण इथे मांडलंय त्या कामात कुणाला अटक होत नाही, कुणाचं नाव एफआयआरमध्ये जात नाही. ज्यांना कायद्याची भीती वाटते त्यांनी तर याचं सर्वांत आधी स्वागत करायला हवं.

'हे सगळं बाहेरून आलेलं खूळ'

मग १८९०च्या मुंबईकडे बघा. विधवांचं केशवपन ही त्या काळची क्रूर रीत. तिच्याविरुद्ध लेख, व्याख्यानं पुष्कळ झाली होती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी वेगळीकडून हात घातला. त्यांनी नाभिकांना संघटित केलं आणि वस्तरा चालवायला नकार द्यायला लावला. ज्याच्या हाताशिवाय रीत पार पडत नाही, तोच हात बाजूला झाला. बघ्याला, मदतनिसाला कामाला लावायची युक्ती आपल्याकडे सव्वाशेहून जास्त वर्षं जुनी आहे.

अलीकडचंही आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२मध्ये पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर २०२४मध्ये आई-बहिणीवरून शिव्या देणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरवला. ठरावानं एका रात्रीत गाव बदलतं असं मी म्हणणार नाही. अंमलबजावणी ढिली पडते, दंडाची पावती कुणावर फाडायची यावर भाऊबंदकी होते. पण ग्रामसभेत हात वर होतात तेव्हा प्रत्येकाला दिसतं की बाकीच्यांचेही वर आहेत. रियाधमध्ये संशोधकांनी कागदावर दाखवलं, ते इथे डोळ्यांसमोर.

पुरुषांचंच बघायचं तर १९९१मध्ये एका पत्रकारानं वर्तमानपत्रात निवेदन दिलं: बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवेत. दोनशेहून जास्त जणांनी उत्तर पाठवलं. त्यातून १९९३मध्ये मुंबईत 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली, हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी अजूनही तरुण मुलांबरोबर काम करतात. ते दोनशे जण निवेदनाच्या आधीही होतेच. कुणी विचारलं नव्हतं.

मग दुसऱ्या मजल्यावरच्यानं करायचं काय

शूरवीर व्हायची गरज नाही. प्यालेल्या, चवताळलेल्या माणसाशी एकट्यानं भिडायला तर अजिबात जाऊ नये. २००८मध्ये 'ब्रेकथ्रू'नंच 'बेल बजाओ' मोहिमेत सोपी गोष्ट सांगितली होती: दारावरची बेल वाजवा. वाटीभर साखर मागा, पाण्याची मोटर लावलीय का विचारा, काहीही. हात थांबतो, आणि बाहेर ऐकू जातंय हे त्याला कळतं. जीवाला धोका वाटला तर ११२ लावा.

नंतर ती एकटी असताना तिच्याशी बोला. 'तू का सोसतेस?' हा प्रश्न विचारू नका, त्यात तिलाच आरोपी केलेलं असतं. 'काल आवाज आला. काही लागलं तर मी आहे' एवढं पुरे. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तो नंबर तिच्याकडे असू द्या. तिच्या मोबाइलमध्ये नवरा डोकावत असेल तर कागदावर, नाहीतर पाठच करून घ्या. तिला विचारल्याशिवाय नवऱ्याला समज द्यायला किंवा दोन्हीकडची मंडळी जमवायला जाऊ नका, कारण तुम्ही घरी परतल्यावर त्याचा हिशेब तिच्याकडूनच वसूल होतो.

'उगाच कोर्टकचेरीत अडकू' ही भीती बहुतेकांना असते. २००५च्या कायद्यातलं चौथं कलम त्यासाठीच आहे. हिंसा होतेय असं मानायला कारण असलेली कुणीही व्यक्ती, शेजारी असो, कामवाली मावशी असो की वॉचमन, या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. आणि चांगल्या हेतूनं माहिती दिली असेल तर देणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी, कुठलीच जबाबदारी येत नाही.